वनजमिनीचा हक्क आणि सरकारचे देणे

सरकारने आपल्याच हातून झालेल्या अन्यायाची लेखी कबुली दिली, असे कायदे भारतात फार थोडे आहेत. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ हा त्यांतला एक. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या आणि तिथली जमीन कसणाऱ्या लोकांचे हक्क इंग्रजी अमलात नोंदवले गेले नाहीत, स्वातंत्र्यानंतरही नोंदवले गेले नाहीत आणि त्यातून त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, असे कायद्याच्या उद्देशिकेतच म्हटले आहे. खानदेशात या कायद्याचा संबंध सातपुड्याच्या पायथ्याशी आणि साक्रीच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या भाकरीशी आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांत भिल्ल, पावरा, बारेला, तडवी, कोकणी, मावची समाजांची वस्ती आहे. या तालुक्यांतील काही गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला १८१८ साली. सातपुड्यातील भिल्ल नाईकांनी नवी सत्ता सहजी मानली नाही, म्हणून १८२५ मध्ये जेम्स औट्रम या लष्करी अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारली. डोंगरातले लोक मैदानात आणायचे, त्यांना बैल-बियाणे देऊन शेतीला लावायचे आणि डोंगरावर सरकारची पकड बसवायची, असे ते धोरण होते. पुढे १८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे मोठे पट्टे राखीव घोषित झाले. राखीव वन ठरवताना तिथे कोण राहते, काय पिकवते, कोणत्या वाटेने गुरे नेते याची चौकशी करून हक्क नोंदवायचे असतात. बहुतेक पाड्यांपर्यंत ती चौकशी पोहोचलीच नाही. नोंद नाही म्हणून हक्क नाही आणि हक्क नाही म्हणून अतिक्रमण, अशी साखळी त्या दिवसापासून सुरू झाली. वनजमीन कसणारा माणूस सरकारदरबारी गुन्हेगार ठरला तो असा.

स्वातंत्र्यानंतर अन्नटंचाईच्या काळात सरकारने काही ठिकाणी हीच जमीन एकेका वर्षाच्या कराराने कसायला दिली. गावोगाव आजही या जमिनींना एकसाली प्लॉट म्हणतात. करार संपले, पण लोक जमिनीवरच राहिले, कारण दुसरी जमीन नव्हतीच. महाराष्ट्र शासनाने १९७८ मध्ये जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी ३१ मार्च १९७८ ही मर्यादा ठरली. ज्यांच्यासाठी तो निर्णय कागदावरच राहिला, त्यांची संख्या मोठी होती. त्यातच १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामासाठी देण्याचा राज्याचा अधिकार संपला.

या प्रश्नावर खानदेशात मोठी लोकचळवळ झाली. शहादे परिसरात अंबरसिंग महाराज सुरतवंती यांनी भिल्लांना संघटित केले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू सोनवणे यांच्यासारखे आदिवासी कार्यकर्ते त्यातून पुढे आले. शहादे, तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आधी सावकारांनी बळकावलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी, मग वनजमीन, असा या चळवळीचा प्रवास आहे. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्याने वनजमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. कागद नाही एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, प्रत्यक्ष चौकशी करावी, हे तत्त्व या लढाईतून पुढे आले. राज्य शासनाच्या १० ऑक्टोबर २००२ च्या निर्णयाने गावपातळीवरील समिती आणि गावकऱ्यांची साक्ष यांना स्थान दिले. त्याच वर्षी ३ मे रोजी केंद्रीय वन मंत्रालयाने देशभरातील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला होता. त्याविरुद्ध देशात जे आंदोलन पेटले, त्याची परिणती २००६ च्या कायद्यात झाली. कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, दुसऱ्या दिवशी त्याचे नियम आले आणि २०१२ मध्ये नियमांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

कायदा दोन प्रकारच्या लोकांना हक्क देतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणारे अनुसूचित जमातीचे लोक हा पहिला गट. दुसऱ्या गटात इतर पारंपरिक वननिवासी येतात. त्यांना त्या तारखेआधी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलात राहून त्यावर गुजराण केल्याचे दाखवावे लागते. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातीत मोडत नसल्याने चाळीसगावसारख्या भागातील तांड्यांना ही दुसरी अट लागू होते. १९३० सालचा कागद तांड्यावर कोण जपून ठेवणार? ७५ वर्षांची अट वास्तव्याची आहे, तोच जमिनीचा तुकडा तितकी वर्षे ताब्यात असण्याची नाही, असा खुलासा केंद्रीय आदिवासी मंत्रालयाने केला आहे. तरीही दावे नेमके याच मुद्द्यावर अडतात.

हक्क मिळतो तो प्रत्यक्ष कसलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त ४ हेक्टर. तो वारसांना जातो, पण विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. विवाहित दावेदाराच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंद करावी लागते. शेतीच्या कागदावर बाईचे नाव सहसा नवऱ्याच्या मृत्यूनंतरच चढते. इथे ते पहिल्याच दिवशी कायद्याने चढते, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी तो मोठा आधार आहे.

कायद्याचे कलम ४ (५) याहून महत्त्वाचे आहे. हक्क तपासण्याची व मान्य करण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही.

हक्क लोकांचे असले, तरी ते मान्य करण्याची कामे सरकारची आहेत आणि नियमांनी ती नावानिशी वाटून दिली आहेत. सुरुवात ग्रामसभेपासून होते. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. समिती दावे घेते, जागेवर जाऊन पाहते आणि ग्रामसभा ठराव करते. तो ठराव प्रांत अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातो. आदिवासी विकास खाते, महसूल खाते आणि वन खाते तिन्ही यात आहेत. जळगाव जिल्ह्यासाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यावलला आहे.

ग्रामसभांना वन व महसूल नकाशे आणि मतदार याद्या पुरवणे, दाव्याचे अर्ज विनामूल्य देणे आणि कायद्याची माहिती गावोगाव पोहोचवणे हे उपविभागीय समितीचे कर्तव्य आहे. दाव्याला लागणारा बराचसा पुरावा सरकारच्याच दप्तरात पडून असतो, म्हणून हा नियम न्याय्य आहे. प्रत्यक्षात नकाशाची प्रत मिळवण्यासाठी दावेदारालाच मजुरी बुडवून चोपडा, शिरपूर किंवा यावलच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. कामाचा बोजा सरकारकडून उचलून माणसाच्या डोक्यावर टाकण्याचे हे पहिले ठिकाण.

नियम १३ पुराव्यांची लांब यादी देतो आणि त्यांपैकी किमान दोन पुरावे पुरेसे मानतो. जनगणना, सर्वेक्षण अहवाल, वनखात्याच्या कार्ययोजना, भाडेपट्टे, न्यायालयाचे आदेश, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या, वंशावळ, जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने हे सारे त्यात आहे. सरकारी गॅझेटिअरही चालते, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८० चा खानदेश खंडसुद्धा, ज्यात भिल्लांच्या वस्त्यांची आणि शेतीची वर्णने आहेत. दावेदाराखेरीज गावातील अन्य वयोवृद्ध व्यक्तीचा लेखी जबाब हाही स्वतंत्र पुरावा आहे.

या यादीत ‘वनखात्याचे अन्य अभिलेख’ असेही शब्द आहेत आणि खानदेशात त्यांना मोठे मोल आले. राखीव वनात नांगर घातला म्हणून गार्डने केलेली गुन्हा नोंद, भरलेल्या दंडाची पावती, जप्त केलेल्या नांगराचा किंवा बैलजोडीचा पंचनामा, कोर्टाचे समन्स हे कागद कधीकाळी भीतीपोटी पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवले गेले होते. १९८० किंवा १९९० साली हा माणूस याच जमिनीवर शेती करत होता, याची साक्ष आता सरकारच्याच शिक्क्याने मिळू लागली. ज्याने दंड भरला, त्याच्याकडे पुरावा राहिला. गार्डला कोंबडी किंवा पायलीभर धान्य देऊन ज्याने वेळ मारून नेली, त्याच्याकडे काहीच नाही.

जागेची पाहणी हा प्रक्रियेचा कणा आहे. ठरल्या दिवशी वनहक्क समितीचे सदस्य, तलाठी, वनरक्षक आणि दावेदार शेतावर जमतात. जीपीएस यंत्र घेऊन कडेकडेने चालत प्रत्येक कोपऱ्यावर नोंद घेतली जाते. दगडी बांध किती जुना आहे, ताल कुठे घातले आहेत, तोडलेल्या सागाचे बुंधे कितपत कुजले आहेत, बांधावरचा मोह किंवा आंबा कोणाच्या हातचा आहे, खळे आणि गोठ्याची जागा कुठे आहे, हे पंचनाम्यात येते. शेजाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे होतात. म्हातारा माणूस पावरी किंवा भिलोरीत सांगतो, ‘धाकटा मुलगा झाला त्या दुष्काळात हे वावर तोडलं’ आणि लिहिणारा ते सरकारी मराठीत उतरवतो. १९७२ च्या दुष्काळाची ती आठवण ‘सन १९७२ पासून वहिवाट’ अशी नीट लिहिली गेली तर दावा उभा राहतो. ‘फार पूर्वीपासून’ असे मोघम लिहिले गेले तर तो पुढे कुठेतरी अडकतो. लिहिणारा कार्यकर्ता जाणता असणे ही नशिबाची बाब झाली आहे. ती सरकारी यंत्रणेची जबाबदारी असायला हवी होती.

पाहणीला वनखात्याचा माणूस आलाच नाही तर काय? २०१२ च्या दुरुस्तीने याचे उत्तर दिले. गैरहजर राहिलेल्या खात्याने पुढे त्याच कारणावरून हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो आणि त्या पाहणीलाही खाते आले नाही तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणून अनुभवी समित्या सूचनापत्राची पोच जपून ठेवतात. उपग्रह छायाचित्रे इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, असेही याच दुरुस्तीत स्पष्ट केले गेले. सातपुड्याच्या उतारावरचा अर्धा-एक एकराचा तुकडा, मधे सोडलेली मोहाची झाडे आणि एखाद्या वर्षी पडीक ठेवलेले वावर आकाशातून घेतलेल्या जुन्या छायाचित्रात जंगलासारखेच दिसू शकते. छायाचित्रात शेती दिसत नाही एवढ्यावरून माणूस अपात्र ठरवणे नियमाला धरून नाही.

दावा नाकारायचा असेल किंवा क्षेत्र कमी करायचे असेल, तर कारणे लेखी द्यावी लागतात, आदेशाची प्रत दावेदाराला मिळावी लागते आणि त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. ग्रामसभेची शिफारस पटली नाही तर समितीने कारणांसह ती फेरविचारासाठी परत पाठवायची असते. ‘पुरावा अपुरा’ या दोन शब्दांत दावा निकाली काढला की हे सगळे नियम एका फटक्यात बाजूला पडतात. कोणता पुरावा अपुरा, कशाच्या तुलनेत, कोणी पाहिला, हे न कळलेला माणूस अपील तरी कशावर करणार?

नाकारलेल्या दाव्यांचे काय होऊ शकते, हे २०१९ मध्ये दिसले. कायद्याच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या वन्यजीव संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात महाराष्ट्रातील फेटाळलेल्या दाव्यांचा आकडा २२ हजारांहून अधिक होता, तर देशभरातील आकडा ११ लाखांच्या वर गेला होता. देशभर विरोध झाल्यावर केंद्राने न्यायालयात धाव घेतली आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे फेटाळताना नियम पाळले गेले की नाही, याची माहिती देण्यास न्यायालयाने राज्यांना सांगितले. हजारो कुटुंबे दोन आठवडे बेदखल होण्याच्या छायेत होती. मूळ चूक अनेकदा एवढीच होती की कारण न लिहिता कोणीतरी शेरा मारला होता.

त्याआधीच्या वर्षी वनदाव्यांचा प्रश्न दोनदा मुंबईच्या रस्त्यावर आला होता. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी गेला. त्यातील बहुसंख्य शेतकरी आदिवासी होते आणि वनजमीन ही त्यांची मुख्य मागणी होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रतिभा शिंदे यांच्या लोक संघर्ष मोर्चाने ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत मोर्चा काढला. जळगाव, धुळे, नंदुरबारमधील आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते. दोन्ही वेळा सरकारने ठराविक मुदतीत दावे निकाली काढण्याचे आश्वासन दिले. कायद्याने आधीच ठरवून दिलेले काम करून घेण्यासाठी पोराबाळांसह राजधानीपर्यंत चालत जावे लागते, ही गोष्ट लोकशाही सरकारला शोभणारी नाही.

मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता, त्यावर अपील नव्हते. राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून १८ मे २०२० च्या अधिसूचनेने ही उणीव अनुसूचित क्षेत्रापुरती दूर केली. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विभागीय समित्या आल्या आणि जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध तिथे दाद मागता येऊ लागली. खानदेशासाठी ही समिती नाशिकला आहे. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावांना मात्र ही वाट खुली नाही.

हक्कपत्र हाती आले की प्रश्न संपला असे होत नाही. कपाशी किंवा मका विकताना, पीककर्ज काढताना, विम्याचा अर्ज भरताना, अतिवृष्टीच्या पंचनाम्यात नाव घालताना पहिला प्रश्न सातबाऱ्याचा येतो. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा मागतात. तो नसेल तर कापूस खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याच्या भावाने घालावा लागतो. मान्य झालेले हक्क महसूल आणि वन अभिलेखात तीन महिन्यांत चढवावेत असे नियमात आहे. म्हणजे हक्कपत्राची नोंद करून घेणे हे शेतकऱ्याचे काम नाही, तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंतच्या यंत्रणेचे आहे. बांधबंदिस्ती, विहीर, सिंचन आणि इतर योजना हक्कधारकांपर्यंत नेण्याचीही जबाबदारी नियमांनी सरकारवर टाकली आहे.

कलम ३ (२) ची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, पाण्याची टाकी, वीजवाहिनी, रस्ता अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. सातपुड्यातील ज्या पाड्यांवरून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते, तिथे ‘वनखात्याची परवानगी नाही’ हे रस्ता न करण्याचे कारण म्हणून सांगितले जाते, तेव्हा हे कलम वाचून दाखवायला हवे.

वैयक्तिक शेतीइतकाच महत्त्वाचा आहे सामूहिक वनहक्क. डिंक, मोहफुले, चारोळी, टेंभुर्णीची पाने, चारा यांवरचा हक्क आणि गावाच्या परंपरागत सीमेतील जंगल राखण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार गावाला मिळतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो मिळवला आणि पुढे स्वतः बांबू विकून दाखवला. खानदेशात भर राहिला तो वैयक्तिक दाव्यांवर. भूमिहीन माणसाला आधी वावर हवे असते, हे त्यामागचे सरळ कारण. गाव जंगल कसे राखते याचा नमुना मात्र इथेच, साक्री तालुक्यात, बारीपाड्याला आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या कोकणी वस्तीने जंगल राखायला घेतले. कुऱ्हाडबंदी, झाड तोडणाऱ्याला दंड, राखणीची पाळी आणि पाणी अडवणारे चर व बांध यांतून उजाड डोंगरावर सुमारे ४४५ हेक्टर जंगल उभे राहिले. विहिरींना पाणी आले, भातशेती वाढली आणि गावात दरवर्षी रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरू लागली. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. माणसे राहिली की जंगल संपते, हे गृहीतक इथे टिकत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती झाकून चालणार नाही. १३ डिसेंबर २००५ नंतर झाडे तोडून केलेल्या शेतीला हा कायदा कोणतेही संरक्षण देत नाही. यावल अभयारण्य मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे. तिथे नव्या तोडीवरून वनकर्मचारी आणि अतिक्रमण करणारे यांच्यात संघर्ष झाले आहेत. जंगल राखणे हेही सरकारचे कर्तव्य आहे. ते पार पाडण्याचा चांगला मार्ग म्हणजे जुने दावे वेळेत आणि नीट निकाली काढणे, कारण खरा हक्कदार कोण हे जोवर ठरत नाही, तोवर काल आलेला माणूस त्याच्या आडोशाला उभा राहतो. हक्कधारक आणि ग्रामसभा यांच्यावर कलम ५ ने वन, वन्यजीव आणि पाणलोट जपण्याचे काम सोपवले आहे. हक्क मान्य झालेली ग्रामसभा नव्या तोडीला सर्वांत आधी विरोध करते, कारण नुकसान तिचे असते.

कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे काय, याचे उत्तर कलम ७ मध्ये आहे. कायद्याचा किंवा नियमांचा भंग करणारा अधिकारी किंवा समिती सदस्य दोषी ठरल्यास त्याला १ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका कुटुंबाच्या पिढ्यांची जमीन चुकीच्या शेऱ्याने जाऊ शकते, तिथे ही रक्कम अगदी तुटपुंजी आहे. कलम ८ मात्र ग्रामसभेच्या हातात एक साधन देते. ग्रामसभेने ठराव करून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला ६० दिवसांची नोटीस द्यायची. त्या मुदतीत समितीने कारवाई केली नाही, तर न्यायालयाला त्या तक्रारीची दखल घेता येते. ग्रामसभेच्याच ठरावाबद्दल वाद असेल तर वननिवासी आदिवासी व्यक्तीलाही अशी नोटीस देता येते, पण वरच्या अधिकाऱ्यांविरुद्ध ग्रामसभेचा ठराव लागतो. ठराव ग्रामसभेचा असला की तारखा, हजेरी आणि सह्या इतिवृत्तात राहतात आणि नोटीस मिळालीच नाही असे कोणाला म्हणता येत नाही.